कीड-नोंदीची सामाईक वही

कपाशीवरील शेंदरी बोंडअळीच्या पतंगास शेताचा बांध अडवीत नाही. सेलू, मानवत, पाथरी या बाजूस कपाशीची शेते एकमेकांस लागून असतात. आज एका शेतातील सापळ्यात पतंग सापडू लागले, तर शेजारच्या चार शेतांस त्याची वार्ता लवकर कळणे अगत्याचे असते. अंडी साधारणपणे चार-पाच दिवसांत उबतात. अळी बोंडात शिरली की बोंड बाहेरून निरोगी दिसते आणि फवाऱ्याचे औषध आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही. गावाची नोंद कागदावर तालुक्यास, तेथून जिल्ह्यास आणि मग तज्ज्ञांकडे जावयाची, व सल्ला त्याच वाटेने परत यावयाचा, एवढी उसंत ही कीड देत नाही.

खरीप २००८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषी विभागाने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. ‘क्रॉपसॅप’ या आखूड नावाने तो परिचित आहे. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने त्यासाठी संगणकाची प्रणाली तयार केली. परभणी, अकोला, राहुरी येथील कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा ही पिके आरंभापासून पाहणीत होती.

अशा प्रणालीस सामाईक वही म्हणता येईल. वही एकच, लिहिणारे शेकडो, आणि प्रत्येकाचे पान ठरलेले. निरीक्षकाने काही ठराविक शेते व काही दर खेपेस बदलणारी शेते पाहावयाची, झाडे मोजावयाची, अळ्या व पतंग मोजावयाचे आणि आकडे भरावयाचे. प्रणाली ते आकडे आर्थिक नुकसान पातळीशी ताडून पाहते व ज्या गावांत पातळी ओलांडली गेली ती वेगळी दाखविते. त्यावरून शास्त्रज्ञ सल्ला लिहितात व तो शेतकऱ्यांच्या मोबाईलवर संदेशरूपाने जातो. दूर बसलेल्या दोघांनी संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी एकच मजकूर हाताळण्याचे प्रात्यक्षिक अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये करून दाखविले होते. त्याच कल्पनेचा हा शिवारातील अवतार होय.

आता गावोगाव शेतकऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत. मग निराळी वही कशासाठी, असे कोणी विचारील. गटावरील संभाषण उपयुक्त असते. परंतु ते वाहते पाणी आहे. सोमवारी टाकलेले बोंडाचे छायाचित्र गुरुवारपर्यंत शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. ते कोणत्या शेतातील, कोणत्या दिवसाचे, किती झाडे पाहून घेतलेले, हे कळत नाही. एक किडके बोंड पाहून दहा जण फवारा मारावयास निघतात. वहीत मात्र तारीख, गाव, पाहिलेली संख्या आणि सापडलेली संख्या यांसाठी रकाने असतात. २० हिरवी बोंडे फोडून २ मध्ये अळी आढळली तर प्रादुर्भाव १० टक्के होतो, व उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे. सापळ्यात रोज ८ किंवा अधिक पतंग सलग तीन दिवस आढळले तरी तसेच समजावे. हा हिशेब छायाचित्रावरून मांडता येत नाही.

गावातील शेतकरी गटासही स्वतःची अशी वही ठेवता येते. मोबाईलवर सर्वांना उघडता येईल असा एक तक्ता पुरेसा आहे. प्रत्येकाने आपल्याच ओळीत लिहावे. दुसऱ्याच्या ओळीत दुरुस्ती करावयाची असल्यास त्यास विचारून करावी, व जुना आकडा पुसून न टाकता शेजारी नवा लिहावा. जिंतूरच्या डोंगराळ भागात मोबाईलची रेंज लागत नसेल तर पाहणी शेतातच टिपून ठेवावी व रेंज मिळताच पाठवावी. मात्र तारीख पाठविल्याची नव्हे, पाहिल्याची लिहावी. ही बाब क्षुल्लक वाटते. पण तीन दिवसांच्या अंतराने पतंगांचा सगळा अंदाज चुकतो.

सर्वांत अवघड गोष्ट शून्याची आहे. शेत पाहिले व कीड आढळली नाही, तर शून्य लिहावयाचे. शेत पाहिलेच नाही, तर रकाना रिकामा ठेवावयाचा. घरी बसून भरलेले शून्य हे खोट्या आकड्यांत सर्वांत घातक, कारण ते शेजाऱ्यास निश्चिंत करते. याचे कारण नेहमी आळस हेच असते असे नाही. जेथे मोठा आकडा लिहिणाऱ्यास वरून जाब विचारला जातो, तेथे आकडे आपोआप लहान होतात. पर्यवेक्षकांनी रिकाम्या रकान्याबद्दल विचारणा अवश्य करावी, मोठ्या आकड्याबद्दल मात्र आभार मानावेत.

उलट बाजूचे नुकसानही थोडे नाही. नोंद नसली की धास्तीने फवारणी होते. २०१७ मध्ये राज्यात शेंदरी बोंडअळीने मोठे नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पातळी ओलांडली नसता टाळलेली प्रत्येक फवारणी म्हणजे औषधाचा व मजुरीचा वाचलेला खर्च, तसेच पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाची टळलेली जोखीम.

कपाशी ४५ दिवसांची झाली की एकरी दोन कामगंध सापळे लावावेत, आणि पहिल्या सकाळी पतंग मोजून पहिली ओळ त्याच दिवशी लिहावी.