पक्षाघातानंतरचा आखडलेपणा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: ॲशवर्थ श्रेणी लिहिली की स्पॅस्टिसिटी मोजली गेली.

वस्तुस्थिती: हा समज नातेवाइकांचाच नव्हे, तर अनेक उपचारकांचाही आहे आणि वारंवार खोडूनही तो टिकून राहावा, ही खेदाची बाब आहे. लान्स यांच्या 1980 च्या व्याख्येनुसार स्नायू जितक्या वेगाने ताणला जातो, तितका वाढणारा प्रतिक्षिप्त विरोध म्हणजे स्पॅस्टिसिटी. म्हणजेच वेग हा तिचा गाभा आहे. 1964 मध्ये मांडलेल्या आणि 1987 मध्ये बोहॅनन व स्मिथ यांनी ‘1+’ ही पायरी जोडून सुधारलेल्या ॲशवर्थ मापनात मात्र सांधा एकाच वेगाने हलवून हाताला जाणवलेल्या एकूण विरोधाला 0 ते 4 अशी श्रेणी दिली जाते. हा विरोध प्रतिक्षिप्त क्रियेमुळे येतो, तसाच स्नायू व भोवतालच्या ऊती आखूड झाल्यामुळे, म्हणजे काँट्रॅक्चरमुळेही येतो, आणि श्रेणीवरून या दोहोंतला फरक कळत नाही. पॅट्रिक आणि एडा यांनी 2006 मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात हेच दाखवून दिले.

हा फरक टार्डियू मापनातून कळू शकतो. त्यात, उदाहरणार्थ, कोपर आधी अगदी सावकाश व मग शक्य तितक्या वेगाने सरळ केले जाते. सावकाश ताणताना हात जिथपर्यंत जातो तो कोन आणि वेगाने ताणताना तो जिथे अचानक अडतो तो कोन, असे दोन्ही कोन गोनिओमीटरने मोजले जातात. दोहोंतले अंतर मोठे असेल तर दोष मुख्यतः प्रतिक्षिप्त क्रियेचा असतो. अंतर थोडे असून सावकाशही हात पूर्ण सरळ होत नसेल तर काँट्रॅक्चरचा संशय बळावतो. हा भेद केवळ शास्त्रापुरता नाही. बोटुलिनम टॉक्सिन मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश रोखते, पण आखूड झालेली ऊती लांबवत नाही. त्यामुळे भेद न करता दिलेल्या महागड्या इंजेक्शनाचा भुर्दंड रुग्णालाच सोसावा लागतो.

गैरसमज: आखडलेपणामुळेच हात दुबळा होतो.
वस्तुस्थिती: दुबळेपणा मुळात मेंदूच्या इजेमुळे येतो.

गैरसमज: ताकदीच्या व्यायामाने स्पॅस्टिसिटी वाढते.
वस्तुस्थिती: एडा व सहकाऱ्यांच्या 2006 च्या संशोधन-आढाव्यात ताकद वाढल्याचे दिसले, स्पॅस्टिसिटी वाढल्याचे नाही.

गैरसमज: एकदा मोजले की पुरे.
वस्तुस्थिती: वेदना, शरीरस्थिती, भरलेले मूत्राशय यांनीही स्नायूंचा ताण बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी त्याच स्थितीत, शक्यतो त्याच तपासनिसाने मोजावे, आणि नोंदीत श्रेणीबरोबर दोन्ही कोन लिहिले आहेत की नाही, हे नातेवाइकांनी अवश्य विचारावे.