समाजमाध्यम कंपन्यांचे बदनामीविषयक कायदेशीर दायित्व : भारतीय कायद्याच्या संदर्भात

प्रस्तावना

सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध भारत सरकार (२०१६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिष्ठेचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग मानला. वृत्तपत्रात बदनामीकारक मजकूर आल्यास लेखक, संपादक व प्रकाशक यांना जबाबदार धरता येते. समाजमाध्यमांवर मात्र लेखक अनेकदा निनावी असतो आणि संपादक नसतोच. अशा वेळी कंपनीस जबाबदार धरता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मध्यस्थांना मिळणारे संरक्षण

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार इतरांचा मजकूर साठविणारी व पोहोचविणारी कंपनी ही ‘मध्यस्थ’ होय. २००८ च्या दुरुस्तीने कलम ७९ चे स्वरूप बदलले व ते २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. त्यानुसार मध्यस्थ इतरांच्या मजकुरास जबाबदार नसतो. मात्र हे संरक्षण सशर्त आहे. त्याने वाजवी दक्षता घेतली पाहिजे, बेकायदेशीर कृत्यास साहाय्य करता कामा नये आणि अशा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळताच तो तातडीने हटविला पाहिजे. म्हणजेच दायित्व मजकूर प्रसिद्ध होण्यातून नव्हे, तर माहिती मिळूनही निष्क्रिय राहण्यातून उद्भवते.

‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे काय ?

२०११ च्या नियमांनुसार बाधित व्यक्तीच्या तक्रारीवरून मध्यस्थाने ३६ तासांत कार्यवाही करणे अपेक्षित होते. त्यामुळे मजकूर बदनामीकारक आहे की नाही, हे ठरविण्याचे काम कंपनीकडे आले. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार (२०१५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रत्यक्ष माहिती’ याचा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना असा मर्यादित केला. लक्षावधी तक्रारींतून योग्य तक्रार निवडणे कंपन्यांना कठीण आहे, हे त्यामागील एक कारण होते. २०२१ च्या नियमांतील ‘बदनामीकारक’ हा शब्दही २०२२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. बदनामीचा निर्णय न्यायालयानेच करावा, ही त्यामागील भूमिका होती.

दुरुस्तीपूर्वीची स्थिती

गुगल इंडिया विरुद्ध विसाका इंडस्ट्रीज या प्रकरणातील मजकूर २००८ मधील, म्हणजे दुरुस्ती अमलात येण्यापूर्वीचा होता. मूळ कलम ७९ चे संरक्षण भारतीय दंड संहितेतील बदनामीच्या गुन्ह्यास लागू नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले व फौजदारी कार्यवाही रद्द करण्यास नकार दिला. कंपनी दोषी आहे असा मात्र हा निर्णय नव्हता.

तौलनिक दृष्टिक्षेप

अमेरिकेतील १९९६ च्या कायद्याच्या कलम २३० नुसार, तक्रार मिळाल्यानंतरही कंपनीवर इतरांच्या बदनामीकारक मजकुराचे दायित्व सामान्यतः येत नाही. इंग्लंडच्या २०१३ च्या बदनामी कायद्यात निराळा मार्ग आहे. लेखकाची ओळख पटत नसेल आणि रीतसर तक्रार मिळूनही संकेतस्थळाच्या चालकाने विहित कार्यवाही केली नाही, तर तो आपला बचाव गमावतो. भारतीय कायदा या दोहोंच्या मध्ये आहे.

समारोप

एखाद्या प्राध्यापकावर निनावी खात्यावरून गैरवर्तनाचा खोटा आरोप झाला, तर केवळ पत्र पाठवून कंपनीवर दायित्व येत नाही. आदेशासाठी न्यायालयातच जावे लागते. तोवर मजकूर सर्वत्र पसरलेला असतो. शिवाय लेखी बदनामीच्या नुकसानभरपाईच्या दाव्यास मुदत कायद्याने एकच वर्ष दिले आहे. म्हणून मजकुराचा दुवा, दिनांक व प्रत त्वरित जतन करणे आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राची तजवीज करणे अगत्याचे ठरते.

याची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. केवळ तक्रारीवरून मजकूर हटू लागला, तर त्याच प्राध्यापकाने संस्थेच्या कारभारावर केलेली सप्रमाण टीकाही एका पत्राने नाहीशी होऊ शकेल. निर्णयाचा अधिकार कंपनीकडे न देता न्यायालयाकडे ठेवणे म्हणूनच योग्य आहे. परंतु त्या अधिकाराला अर्थ यावयाचा तर अंतरिम आदेश वर्षांत नव्हे, दिवसांत मिळाला पाहिजे. त्वरित व अल्पखर्चिक न्यायप्रक्रियेची ही उणीव भरून काढणे, हेच आज अधिक निकडीचे आहे.