बॅकअप होता, पण रिकामा

दिल्लीच्या ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला आणि रुग्णांची नोंदणी, दाखला, डिस्चार्ज ही सगळी कामे पुन्हा कागद-पेनावर आली. पाच सर्व्हरमधील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती. एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला, म्हणून नोंदी परत मिळाल्या. तरी बहुतेक सेवा सुरू व्हायला दोन आठवडे गेले.

सगळ्यांचेच नशीब असे नसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ कंपनीच्या अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरच डिलीटची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले. बॅकअपचे सॉफ्टवेअर रोज आपोआप चालत होते. पण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारी आज्ञावली ९.२ची, त्यामुळे ती दर वेळी बंद पडत होती. साठवणीची जागा उघडून पाहिली, तर रिकामी! अपयश कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले गेलेले. मग कळणार कुणाला?

प्रत यंत्र काढते. ती उघडते का, हे मात्र अधूनमधून दुसऱ्या सर्व्हरवर चढवून पाहावे लागते. काम कंटाळवाणे, म्हणून तेच नेमके टळते. गिटलॅब वाचली ती योगायोगाने. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच चाचणीसाठी, हाताने एक प्रत काढून ठेवली होती. मंद डिस्कवरून ती परत आणायला सुमारे १८ तास लागले. मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या.