बेसमेंटमधला बंब

जुन्या वाड्यात मोरीजवळ धगधगणारा तांब्याचा बंब आठवतोय? त्याचाच एक धिप्पाड, लोखंडी भाऊ न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये ठाण मांडून बसलाय. बंब पाणी तापवतो, हा हवा तापवतो. नाव वुड फर्नेस. बाहेर उणे २० आणि घरात हाफ टी-शर्ट, ही सगळी त्याचीच कृपा!

फंडा एकदम सोपा. जाड पोलादी पेटीत लाकडं जळतात. पेटीभोवती पत्र्याचं आवरण आणि मधल्या पोकळीत हवा. ती पुरेशी तापली की ब्लोअर आपोआप सुरू होतो आणि गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत पोचते. पोकळी गार झाली की ब्लोअर बंद. धुराची वाट वेगळी, थेट चिमणीतून बाहेर. आगीला हवा किती द्यायची, हे वरच्या मजल्यावरचा थर्मोस्टॅट ठरवतो.

खरी परीक्षा लाकडांची! इथे ती कॉर्डवर मिळतात. ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब अशी रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. आमचा एक हिवाळा साधारण पाच कॉर्ड फस्त करतो. मेपल, बीच, ओक ही इथली भारदस्त मंडळी. पण ताजं तोडलेलं लाकूड कामाचं नाही. ओलावा २० टक्क्यांच्या खाली यायला हवा. त्यासाठी निदान सहा महिने, ओकला तर बरेच जास्त. ओलं लाकूड नुसतं धुमसतं, धूर गार होतो आणि चिमणीला आतून डांबरासारखा चिकटतो. हेच क्रिओसोट. ते पेटलं तर चिमणीत आग! म्हणून दर वर्षी चिमणी तपासून, साफ करून घेणं मस्ट.

आणि लाइट गेले तर? डिसेंबर २००८ च्या बर्फाच्या वादळात या राज्यात चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. आमच्याकडेही एका जानेवारीत रात्री दोनला अंधार झाला. ब्लोअर थांबला, पण आग थोडीच थांबते? पोकळीतली उष्णता जाणार कुठे?

‘‘पोरगी गारठेल. अजून दोन ओंडके टाकू का?’’ नवऱ्यानं विचारलं.

‘‘अजिबात नाही. आहे ती आग उतरू दे.’’

डक्टची सगळी तोंडं उघडी ठेवली. गरम हवा आपसूक वर येते, तेवढीच येत राहिली. तिघं एकाच खोलीत, तीन रजया. उजाडल्यावर जनरेटर काढला, तोही घराबाहेर, दार-खिडक्यांपासून लांब. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्याचा बॅटरीवरचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच. राखसुद्धा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरापासून दूर. तिच्यातले निखारे काही दिवस जिवंत राहू शकतात.

धुराचा हिशेबही आहेच. अमेरिकी सरकारनं २०१५ मध्ये नव्या वुड फर्नेसच्या धुरावर मर्यादा आणल्या, २०२० पासून त्या आणखी कडक झाल्या. त्यामुळे घेताना प्रमाणपत्र बघा, स्वस्त जुन्या मॉडेलच्या मोहात पडू नका.

बाकी, या फर्नेसनं आम्हाला प्लॅनिंग शिकवलं. बर्फ वितळता वितळता आम्ही अंगणात लाकडं रचतो... पुढच्या थंडीची!