मारव्याचे तीन महिने

मुंबई-नागपूर रेल्वेवर अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये मूर्तिजापूर लागतं. अचलपूर-यवतमाळच्या माणसांना ते शकुंतला रेल्वेमुळे ठाऊक. गाण्याच्या माणसांना मात्र ते २ मे १९२० या तारखेसाठी ठाऊक असायला हवं, कारण त्या दिवशी इथे वसंतराव देशपांडे जन्मले. कवी अनिलही इथलेच, १९०१ सालचे. पुढे अनिलांची 'कुणी जाल का' ही कविता यशवंत देवांच्या चालीत महाराष्ट्रानं ऐकली ती वसंतरावांच्या गळ्यातून. एकाच वऱ्हाडी गावानं शब्दही दिला आणि सूरही. आम्हा अकोला-अमरावतीकडच्यांना याचं अप्रूप वाटतं, आणि ते वाटावंच.

वसंतरावांना वाढवलं त्यांच्या आईनं, राधाबाईंनी, नागपुरात. तिथे शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात त्यांची तालीम सुरू झाली. १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये हा मुलगा कृष्ण झाला. पहिल्या गुरूचं श्रेय आपल्याकडे नेहमी कमीच लिहिलं जातं. शिष्याच्या चरित्रात त्याचं नाव अगदी आधी येतं आणि एका ओळीत संपतं. मग मोठ्या उस्तादांची पानं सुरू होतात. सप्रे गुरुजींचं देणं किती खोल होतं, हे मला वसंतरावांच्या पुढच्या शिक्षणावरून कळतं. किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर अशा निरनिराळ्या माणसांकडून ते शिकले. मास्टर दीनानाथांच्या गायकीचा ठसा तर जन्मभर राहिला. इतक्या वाटांनी फिरताना कच्च्या पायाचा गळा विस्कटलाच असता. वसंतरावांचा गळा प्रत्येक ठिकाणी नवं घेत गेला आणि तरी स्वतःचाच राहिला.

या प्रवासातला लाहोरचा मुक्काम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तिथे उस्ताद असद अली खाँ यांनी त्यांना तीन महिने एकच राग दिला, मारवा. एवढ्यानं काय साधतं, असं बाहेरच्याला वाटेल. पण मारवा गाऊन पाहिलेल्याला ती तालीम कळते. या रागात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि सगळा जोर रिषभ-धैवतावर. षड्ज लांबणीवर टाकायचा असतो. तो ओठावर येत नाही, तेव्हा मनात पक्का धरून ठेवावा लागतो, नाहीतर रिषभ सरकतो आणि रागच हातचा जातो. शिवाय हेच स्वर पूरियात आणि सोहनीतही आहेत. पूरिया गंधार-निषादाशी रमतो आणि मंद्राकडे उतरतो, सोहनी तारसप्तकात चमकते. तेव्हा निव्वळ स्वर पाठ करून भागत नाही, चलन अंगात मुरावं लागतं. एका मारव्यात तीन महिने काढलेल्या माणसाला प्रत्येक राग असा आतून पाहण्याची सवय लागते. वसंतरावांच्या ताना कुठून कुठे झेपावतील याचा ऐकणाऱ्याला अंदाज येत नसे, पण त्या बरोबर जागेवर उतरत. ती झेप ज्या भरवशावर होती, तो भरवसा मला या तीन महिन्यांत दिसतो.

मग पुण्यात लष्करी हिशेबखात्यातली नोकरी आली, वर्षानुवर्षं. गाणं सुटलं नाही. १९६७ साली नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं, अभिषेकीबुवांच्या संगीतासह, आणि वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले. घराण्याची विद्या बाहेर जाऊ न देणारा उस्ताद. ज्याला नागपुरापासून लाहोरपर्यंत दारं उघडी मिळाली, त्यानं दार बंद करणाऱ्याची भूमिका केली आणि ती अजरामर केली! त्या अभिमानामागची विद्येवरची माया वसंतरावांनी दाखवली, म्हणूनच खाँसाहेब कधी नुसते खलनायक वाटले नाहीत. आपलं घराणं आपल्यापासून सुरू होतं, असं वसंतराव म्हणत. काहींना तो ताठा वाटला. मला त्यात सगळ्या गुरूंना एकाच गळ्यात नांदवल्याचा विश्वास ऐकू येतो.

१९८२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ३० जुलै १९८३ रोजी ते गेले. नातू राहुल तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. आजोबांकडून समोर बसून तालीम घेणं त्याच्या वाट्याला आलं नाही. तो दुसऱ्या गुरूंकडे शिकला, २०१० मध्ये 'कट्यार' पुन्हा रंगमंचावर आणलं, आणि २०२२ मध्ये पडद्यावर आलेल्या 'मी वसंतराव'मध्ये स्वतः आजोबा झाला. त्यातल्या गाण्यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

नागपुरात वसंतरावांच्या नावाचं मोठं सभागृह आहे. आम्हा वऱ्हाडकरांची इच्छा साधी आहे: २ मेच्या संध्याकाळी मूर्तिजापुरात मैफल व्हावी, ती मारव्यानं सुरू व्हावी, आणि मंचावर वसंतरावांच्या तसबिरीशेजारी शंकरराव सप्रे आणि असद अली खाँ यांचीही नावं ठळक अक्षरांत लिहिलेली असावीत.