माळ्यावरचे बूट आणि आजोबांची घोंगडी

पावसाळा ओसरू लागतो, सोनकीने पठारे पिवळी होतात आणि अनेक घरांत माळ्यावरचे सामान खाली उतरते. जुनी पाठपिशवी, जाड तळव्यांचे बूट, पोचा आलेली बाटली, दोरीचे वेटोळे. प्रत्येक वस्तूशी एखाद्या गडाची आठवण जोडलेली असते. मुले आता हाताशी आलेली असतात. यंदा त्यांना १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर न्यावे आणि बाबांनी वापरलेले सामानच त्यांच्या हाती द्यावे, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. ही इच्छा मोडण्याचे कारण नाही. मात्र निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूविषयी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही वस्तू वापराने झिजते की नुसत्या काळाने?

वापराची झीज डोळ्यांना दिसते. शिवण उसवते, चामडे तडकते, धातूला पोचा येतो. अशी वस्तू आपली अवस्था लपवीत नाही आणि बहुधा दुरुस्तही होते. फोम, गोंद, रबर आणि कापडावरचे जलरोधक लेपन यांचे तसे नसते. ही द्रव्ये कपाटात पडूनही जीर्ण होतात आणि बाहेरून नवी दिसत राहतात. धोका असतो तो येथेच.

बुटांचेच उदाहरण घ्या. अनेक गिर्यारोहण बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतील बाष्पाशी त्याची सावकाश रासायनिक क्रिया होते आणि काही वर्षांत तो ठिसूळ होतो. कोकणच्या दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. म्हणूनच फारसे न वापरलेले, वरून चकचकीत दिसणारे बूट पहिल्याच चढणीवर तळवा सोडतात. उतरताना असे घडले तर घोटा मुरगळण्याची भीती मोठी. तळव्याच्या कडेचा फोम अंगठ्याने जोरात दाबून पाहा. भुगा पडला, चिकटपणा जाणवला किंवा बूट वाकवताना भेगा उमटल्या, तर तो जोड बाजूला ठेवा. वरचे चामडे उत्तम असेल, तर कुशल कारागिराकडून नवा तळवा बसवून घेता येतो. बूट शाबूत वाटले तरी सहलीपूर्वी आठवडाभर रोज तासभर घालून चालावे. एक गोष्ट मात्र विसरू नये. दुसऱ्याच्या पायाच्या ठेवणीने बसलेले बूट, माप जुळले तरी, मुलाच्या पायाला त्रास देऊ शकतात.

याउलट आजोबांच्या घोंगडीकडे पाहा. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी धनगर बांधव थंडीत पांघरतात, पावसात तिचीच खोळ करतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषते, तरी अंगाला फारशी ओली लागत नाही आणि ऊब बरीचशी राखते. सुती कपडा भिजला की अंगाला चिकटतो आणि उष्णता ओढून घेतो. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे ही तातडीने उपचार करण्याची अवस्था होय. वाऱ्यापावसात ओल्या कपड्यांनिशी ती बर्फावाचूनही येऊ शकते. मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते, म्हणून जुना लोकरी स्वेटर पिशवीत अवश्य असावा. त्याला कसर लागलेली नाही ना, एवढे पाहून उन्हात झटकून घ्यावा.

रेनकोटची परीक्षा आतल्या बाजूने करावी. अस्तराचे पापुद्रे निघत असतील, हाताला चिकट लागत असेल, तर पाणी अडवण्याची त्याची क्षमता संपत आली आहे. गडावर त्यावर विसंबू नये.

पाण्याची स्टीलची बाटली पोचे सोसूनही वर्षानुवर्षे टिकते. तिचे वैरी म्हणजे झाकणातील रबरी वायसर. त्याखाली बुरशी धरते, म्हणून ते काढून घासावे, कडक झाले असल्यास बदलावे. तांब्याच्या जुन्या बाटलीत केवळ पाणीच भरावे. लिंबाचे सरबत किंवा ताक तांब्याशी क्रिया करते आणि त्यातून मळमळ, उलट्या होऊ शकतात.

पाठपिशवीचे पट्टे आणि बक्कल बदलून मिळतात. खांद्यांवरचा फोम पार चेपला असेल, तर भार थेट स्नायूंवर येतो आणि मान दुखू लागते. कमरेचा पट्टा शाबूत असणे सर्वांत महत्त्वाचे, कारण ओझ्याचा मोठा वाटा खांद्यांनी नव्हे, कमरेने पेलायचा असतो. विजेरीतील जुने सेल पाझरलेले असतील, तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. प्रथमोपचार पेटीतील औषधांच्या मुदती तपासाव्यात. क्षारसंजीवनीच्या पुडीतील भुकटीचा गोळा झाला असेल किंवा रंग पालटला असेल, तर ती टाकून द्यावी.

राहिली दोरी. येथे भावनेला थारा नको. नायलॉनची दोरी ऊन, रसायने आणि काळ यांनी आतून दुबळी होते. न वापरलेली गिर्यारोहणाची दोरीही दहा वर्षांनंतर वापरू नये, असे उत्पादक सामान्यतः सांगतात. जोराचा आघात सोसलेल्या शिरस्त्राणालाही तोच नियम. जुन्या दोरीवर कपडे वाळवावेत, माणसाचा भार तिच्यावर सोपवू नये.

तेव्हा सहलीच्या दहा दिवस आधी, एखाद्या रविवारी सारे सामान अंगणात किंवा गच्चीत मांडा आणि मुलांनाही सोबत घ्या. त्यांनाच फोम दाबू द्या, शिवणी ओढून पाहू द्या, झाकणे उघडू द्या. कोणती वस्तू कोणत्या गडावर आपल्यासोबत होती, ते सांगत सांगत पुढे न्यायचे आणि घरी ठेवायचे असे दोन ढीग करा. बाबांचे बूट कदाचित दुसऱ्या ढिगात जातील आणि आजोबांची घोंगडी पहिल्या. तसे झाले तर मुलांना त्याचे कारणही समजावून सांगा. पुढच्या वेळी ही तपासणी ती स्वतःच करतील.