क्यूच्या टोकाची शेंबी

मुसळाला वसवी का बसवतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ती नसेल तर कांडता कांडता लाकडाचे टोक फुटून पिंजारते. पूल नावाच्या खेळातल्या काठीला, म्हणजे क्यूला, टोकाशी चामड्याची टिकली असते आणि तिच्या मागे एक पांढरी शेंबी. तीही लाकूड फुटू नये म्हणूनच. इंग्रजीत तिला फेरूल म्हणतात.

पुण्याच्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यास हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळवले, ते बिलियर्ड्‌सचे. बिलियर्ड्‌स आणि स्नूकर यांच्या बारीक क्यूला बहुधा पितळी शेंबी असते. पूलच्या क्यूचे टोक जाड, साधारण 12 ते 13 मिलिमीटर. त्याला पूर्वी हस्तिदंत लावीत, आता फायबर किंवा प्लास्टिक. 1989 साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. हत्तींच्या दृष्टीने हे बरेच झाले.

आता निवडायची कोणती? खेळाडू म्हणतात, टणक शेंबीचा फटका ‘कडक’ लागतो, मऊ शेंबीचा ‘दबका’. यात तथ्य आहे. पण तो कडकपणा पुष्कळसा कानाने ऐकलेला असतो, आणि त्यात चामड्याच्या टिकलीचा वाटा मोठा. शिवाय टिकली चेंडूला टेकते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. हाताची जाणीव मेंदूपर्यंत पोचेतो चेंडू निघून गेलेला असतो!

खरा फरक वजनाचा. चेंडूच्या मध्यापासून उजवीकडे फटका मारून पाहा. चेंडू फिरत जातो, पण नेमलेल्या रेषेपासून किंचित डावीकडे सरकतो. असे का? फिरणारा चेंडू क्यूचे टोक बाजूला ढकलतो, आणि टोक त्याला उलट ढकलते. टोक जितके जड, तितका हा उलटा रेटा अधिक. म्हणून हल्ली काही क्यूंची शेंबी आखूड व हलकी करतात, कोणी आतले लाकूडही पोखरतात. माझ्या मते नवशिक्याने हलकी शेंबी घ्यावी. मात्र जुन्या क्यूवर नेम बसला असेल, तर शेंबी बदलल्यावर कडेचे फटके काही दिवस चुकणार, हे धरूनच चालावे.

जोडणीचेही प्रकार आहेत. एकात लाकडाची खुंटी शेंबीतून आरपार टिकलीपर्यंत येते. दुसऱ्यात वरून टोपी असते, लाकूड झाकलेले राहते. हाताला यांतला फरक थोडाच कळतो. बसवणी घट्ट आहे ना, हे पाहणे अधिक मोलाचे. फटक्याला एकाएकी फुटका आवाज येऊ लागला, तर शेंबी उजेडात धरून फिरवून पाहा. केसासारखी रेघ दिसली तर ती चिरलेली आहे, किंवा आतला डिंक सुटला असेल. दोन्हींवर इलाज आहे. जाणता कारागीर जुनी शेंबी काढून नवी बसवून देतो. त्यासाठी अख्खा क्यू टाकून देण्याचे कारण नाही.